ढोल्याजवळची जागा

लांजेवार सर खुर्चीवर बसत नसत. शिक्षकखोलीत खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांचा टॉवेल बसायचा आणि सर शेजारी उभे राहायचे. डबासुद्धा उभ्यानंच खायचे. एका हातात झाकण, झाकणात भात-वरण, आणि डोळे मैदानाकडे. साकोलीपासून आत असलेल्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या खुर्चीच्या पायाला लाथ घातली. खुर्ची हातभर सरकली आणि मी टेबलाला धरून कशीबशी सावरले.

"उठा मॅडम, घंटी होऊन रायली," सर म्हणाले. "बसून बसून मानसाच्या पायातला जीव जाते."

मी चांगलीच तापले. आपण कोण, कुठल्या गावच्या, आणि हा माणूस आपल्याला लाथेनं उठवतो म्हणजे काय. पण बाकीचे शिक्षक माना खाली घालून वह्या तपासत होते. ते मुख्याध्यापकांच्या खुर्चीलाही लाथ घालतात, फक्त जरा हळू, हे मला पुढे कळलं.

ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. गळ्यात पितळी शिट्टी, हातात वेताची छडी. छडीवर बंदी आल्यावर त्यांनी छडी सोडली आणि हात वापरायला घेतला. हात छडीपेक्षा वाईट होता. प्रार्थनेच्या वेळी कुणी पोरगं दमून खाली टेकलं, तर सर मागून यायचे आणि पोराला कानाला धरून उचलायचे. एकदा एका पोराच्या कानाची पाळी फाटली. बाप कुऱ्हाड घेऊन शाळेत आला. सर फाटकाशी गेले, त्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली, त्याच्याच थोबाडीत दिली, मग त्याला पाणी पाजलं आणि बापलेकांना आपल्या मोटरसायकलवर बसवून टाके घालायला साकोलीला घेऊन गेले. परत आले तेव्हा बाप त्यांना हात जोडत होता. मला त्या हात जोडण्याचा फार राग आला होता, अजूनही येतो.

पिसाळलेल्या कुत्र्याची गोष्ट तर सगळा गाव सांगतो. मधल्या सुट्टीत ते कुत्रं मैदानात शिरलं. तोंडाला फेस, चाल वाकडी. पोरं किंचाळत वर्गात पळाली, आम्ही दारं लावून घेतली. सर एकटे मैदानात राहिले. त्यांनी खेळाच्या खोलीतून बॅट आणली, कुत्र्याला अंगावर येऊ दिलं आणि पहिल्याच तडाख्यात त्याचा जबडा मोडला. कुत्रं पडलं, तरी सर थांबले नाहीत. खिडकीच्या गजांमागून आम्ही पाहत होतो. कुत्रं कधीच मेलं होतं, आणि बॅट पडतच होती. मग सरांनी हापशीवर हात धुतले, विहिरीतून पाणी काढून मैदान धुतलं आणि शिट्टी वाजवून आठवीला कवायतीला बोलावलं. त्या दिवशी पोरं वाचली, हे खरं. पण शेवटचे ते तडाखे कुणासाठी होते, हे मला माहीत होतं. कारण मी त्यांच्या शेजारी राहत होते.

आमच्या दोन घरांमध्ये एकच मातीची भिंत. पलीकडे काय चाललंय ते कळायला कान लावावा लागत नसे. आधी भांडं पडायचं, मग सरांचा आवाज, मग तो दुसरा आवाज, जो एकदा ऐकला की विसरत नाही. त्यांच्या बायकोचा आवाज मात्र कधी येत नसे. पारबताबाई त्यांचं नाव. अंगानं किरकोळ, कपाळावर मोठं गोंदण, आणि कुणाशी बोलताना नजर समोरच्याच्या पायांवर. एका संध्याकाळी मला सहन झालं नाही. मी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि त्यांच्या दारावर आपटला. सरांनी दार उघडलं. अंगात बनियन, गळ्यात शिट्टी.

"मॅडम, हा घरचा मामला हाय," ते म्हणाले.

"मग माझ्या भिंतीतून येऊ देऊ नका," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पोलीसपाटलाला घेऊन गेले. पाटील बसला, चहा प्याला, पावसापाण्याचं बोलला. पारबताबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, न्हाणीत पाय घसरला. पाटील उठून गेला. त्यानंतर महिनाभर सर माझ्याशी बोलले नाहीत, आणि मलाही त्यांच्याशी बोलायची हौस नव्हती.

घर आणि शेत पारबताबाईंच्या वडिलांचं. तलावाखालचं, बारमाही ओल असलेलं धानाचं शेत. सर घरजावई म्हणून आलेले. हे सांगितलं पाहिजे, कारण त्यांच्या उभं राहण्याचं मूळ तिथं होतं. त्यांनी स्वतःच एकदा सहलीच्या बसमध्ये मला सांगितलं. बस रिकामी होती आणि हे दांडा धरून उभे. मी म्हटलं, सर, आता तरी टेका.

"सासरा होता ना मॅडम, त्याच्यासमोर मले बसाची मनाई होती. घरजावायानं सासऱ्यासमोर बसू नाई, असा कायदा होता घरात. त्यो खाटेवर, अन् मी दाराशी उभा. जेवाले दिलं तरी उभ्यानंच खा. मेला त्यो. पन मले बसनं काई जमलं नाई मंग."

हे सांगताना ते हसले. मला वाईट वाटलं, पण माफ करावंसं वाटलं नाही. म्हाताऱ्यानं उभं ठेवल्याचा सूड त्यांनी म्हाताऱ्याच्या लेकीवर उगवला, एवढाच अर्थ मी लावला. आजही मला त्यात फार चूक वाटत नाही.

सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना शाल, नारळ आणि एक लाकडी आरामखुर्ची मिळाली. खुर्ची त्यांनी तिथंच चपराशाला देऊन टाकली आणि शिट्टी मात्र खिशात घालून घरी नेली.

मुलगी लग्न होऊन तुमसरला गेलेली. आजवर दिवसभर सर शाळेत असत आणि पारबताबाई घरभर. गोठा, घरामागची सांदवाडी, शेत, तलाव, सगळीकडे त्यांचे पाय फिरत. सर घरी यायच्या वेळेलाच फक्त त्या माजघरात जाऊन बसत. धान साठवायचा मातीचा मोठा ढोला आणि मागची भिंत यांच्या बेचक्यात त्यांची जागा होती. शेजारी कांडायचं मुसळ टेकवलेलं. गुडघे छातीशी, पदर डोक्यावर, हातात निवडायला काहीतरी. सर निवृत्त झाल्यावर दिवसभर घरी राहू लागले, आणि पारबताबाई दिवसभर त्या जागेत बसू लागल्या.

वर्ष उलटायच्या आत त्यांचा चेहरा सुजला. सारखी तहान, सारखी लघवी. पायाच्या अंगठ्याला चपलेनं लागलं आणि ते बरंच होईना. सरांनी त्यांना साकोलीच्या दवाखान्यात नेलं, सोबतीला मीही गेले. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. रक्त तपासून त्यांनी साखरेच्या गोळ्या दिल्या, जखम धुवून बांधली आणि सरळच सांगितलं.

"ही जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि वेळेवर नाही आलात तर पाऊल. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि आजी, तुम्ही इतक्या बसता कशाला? तासन्‌तास एका जागी बसलं की पायांचे स्नायू झोपतात, मग रक्तातली साखर खर्च कोण करणार? दर अर्ध्या तासानं उठा. चप्पल घालून घरातल्या घरात थोडं फिरा, जेवणानंतर तर नक्कीच. चिखलात मात्र पाय घालू नका."

सरांचा चेहरा उजळला. मी तो चेहरा विसरणार नाही. आयुष्यभर जे ते सांगत आले, ते एक शिकलेली बाई चक्क दवाखान्यात बसून सांगत होती. "मी हेच म्हनत रायलो, डॉक्टर," ते म्हणाले. "आता तुमी फिकीर नका करू. मी उठवतो इले."

आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या आळीत शिट्टी वाजू लागली.

दर अर्ध्या तासाला. "ऊठ. दक्ष. कदमताल." पारबताबाई ढोल्याजवळून उठत, भिंतीशी उभ्या राहत, पाय उचलत. शिट्टी थांबली की पुन्हा बेचक्यात. आळीतल्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग हसणं बंद झालं. कारण पाय उचलायला उशीर झाला तर चापट बसे, आणि चापटीनंही पाय हलला नाही तर हिसका. एकदा मी खिडकीतून पाहिलं, सरांनी त्यांना अंबाड्याला धरून उभं केलं होतं आणि त्या तशाच जागच्या जागी पाय आपटत होत्या. मी खिडकीतूनच ओरडले, "सर, सोडा त्यांना, नाहीतर आज मी पाटलाकडे नाही, ठाण्यात जाईन." त्यांनी सोडलं. पण माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू मीच त्यांच्या बायकोच्या जिवावर उठले होते.

महिन्यानं रक्त तपासलं, तर साखर चढलेलीच. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली. सरांचा विश्वासच बसेना. घरी येऊन त्यांनी गुळाची ढेप नालीत फेकली, साखरेचा डबा अंगणात आपटला, बायकोच्या ट्रंकेतले कपडे काढून झटकले. "चोरून खाते. नाईतर कशी चढन?" पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी पारबताबाईंच्या दंडावरचे वळ पाहिले. त्या सरांना म्हणाल्या, भीतीनंही साखर चढते, काका. सरांनी टेबलावर मूठ मारली. काच तडकली, सरांच्याच हातातून रक्त आलं, आणि ते रक्त तसंच गळू देत म्हणाले, "मी इचा पाय वाचवून रायलो, अन् तुमी मलेच बोलता?"

तेव्हा मला कळलं की माणूस खोटं बोलत नाहीये. त्याला तो पाय खरंच वाचवायचा होता. फक्त हाताशिवाय दुसरं हत्यार त्याला ठाऊक नव्हतं.

त्याच दिवशी सर औषधं घ्यायला गेले असताना बाकावर मी पारबताबाईंना विचारलं, तुम्ही त्या ढोल्याजवळच काहून बसता? एवढं घर पडलंय. त्यांनी नजर माझ्या पायांवर ठेवली.

"उभी रायली का हात पडते, मॅडम," त्या म्हणाल्या. "बसली का नाई पडत. बसलेल्याले त्यो मारत नाई. लग्न झालं तवापासून पाहून रायली मी. आता शिट्टी वाजते, तं मी उठतो. पन सारखं वाटते, का आता पडन, आता पडन. शिट्टी थांबली का मंग बसतो."

"मग मुलीकडे का जात नाही? तुमसर काही लांब नाही."

"कायले जाऊ? घर माह्या बापाचं हाय."

रोवणीचे दिवस होते. गावातल्या बाया शेतात, आळी ओस. दुपारी शिट्टी वाजली. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा वाजली ती बराच वेळ वाजत राहिली. मग फरफटल्याचा आवाज आला. मी वरवंटाच शोधत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून किंकाळी आली. मी जागच्या जागी थबकले, कारण किंकाळी पुरुषाची होती.

मी धावले. दार उघडंच. उंबऱ्यापासून ढोल्यापर्यंत जमिनीवर रक्ताचा माग होता. सरांनी बाहेर ओढताना पारबताबाईंचा अंगठा उंबऱ्याला लागून जखम उघडी पडली होती, आणि त्या तशाच ढोल्याकडे परतल्या होत्या. सर जमिनीवर आडवे, उजवी नडगी दोन्ही हातांनी धरून, आणि पाय गुडघ्याखाली नको तसा वळलेला. पारबताबाई त्यांच्यावर उभ्या होत्या, हातात मुसळ. त्यांनी ते पुन्हा उचललं. मी "बाई, नको" म्हटलं, ते त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मुसळ डोक्याच्या वर गेलं, आणि त्यांनी ते सरांच्या कानाशेजारी जमिनीवर आदळलं. सारवलेल्या जमिनीत खड्डा पडला.

"आता तू बस," त्या म्हणाल्या.

नवऱ्याला त्या आयुष्यात पहिल्यांदा 'तू' म्हणाल्या होत्या. मग त्यांनी सरांच्या गळ्यातली शिट्टी हिसकली. दोरी मानेत रुतून तुटली. त्या तशाच, रक्ताळलेल्या पायानं मागच्या दारानं बाहेर पडल्या आणि शिट्टी घरामागच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, भिरकावून आल्या.

दवाखान्यात सरांनी सांगितलं, धानाच्या बांधीत पाय घसरला. मी ते खोडलं नाही. त्यांच्या बायकोनं इतकी वर्षं न्हाणीत घसरून काढली होती, आता एकदा सर घसरले.

पाय प्लॅस्टरमध्ये गेला. उंबरा ओलांडता येईना म्हणून त्यांची खाट माजघरातच टाकली, ढोल्याला लागून. पावसाळा सगळा तिथंच गेला. पहिले काही दिवस ते ओरडत, वाटी फेकून मारत. पारबताबाई वाटी उचलत आणि बाहेर जात. जेवण वेळेवर देत, पाणी हाताशी ठेवत, बोलत नसत. आणि दिवसभर हिंडत. अंगठ्याला पट्टी, पायात सरांचे जुने कॅनव्हासचे बूट, आणि बाई गोठ्यातून अंगणात, अंगणातून सांदवाडीत, बांधावरून रोवणीवाल्या बायांना चहा द्यायला. चिखलात पाय घातला नाही, तेवढं डॉक्टरीणबाईंचं ऐकलं. भिंतीपलीकडून मला गाणं ऐकू आलं, तेव्हा आधी वाटलं की कुणी पाहुणी आली असेल. गळा तसा बेसूरच होता. मी ऐकत राहिले.

गोळ्या त्याच, भात तोच. पण तपासायला गेलो तर साखर उतरलेली. त्यापुढच्या खेपेला आणखी उतरलेली, आणि जखमेच्या कडा गुलाबी. त्या खेपेला सरही होते, प्लॅस्टर दाखवायला आलेले, बाकावर पाय लांब करून.

"आजी, काय केलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी काई नाई केलं," पारबताबाई म्हणाल्या. "याले बसवलं."

डॉक्टरीणबाईंनी सरांचंही रक्त घेतलं. बसून बसून त्यांची साखर काठावर आली होती. परतीच्या वाटेवर ऑटोत सर सबंध वेळ बायकोच्या पायातल्या बुटांकडे पाहत होते.

धान निसवायच्या सुमाराला प्लॅस्टर निघालं. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते. पारबताबाई माजघर झाडत होत्या, तोंडानं काहीतरी गुणगुणत. सरांनी काठी घेतली, भिंतीला धरलं आणि खाटेवरून हळूहळू उभे राहिले. एवढंच केलं त्यांनी. हात उचलला नाही, शब्द काढला नाही.

पारबताबाईंचं गुणगुणणं थांबलं. त्यांनी झाडू भिंतीला लावला, खाटेला वळसा घातला आणि ढोल्याजवळच्या बेचक्यात जाऊन बसल्या. गुडघे छातीशी, पदर डोक्यावर. मुसळ तिथंच हाताशी होतं, पण त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

सर उभेच. त्यांचं तोंड एकदा उघडलं, मला वाटलं आता "ऊठ" म्हणतील. ते मिटलं. मी घरी निघून आले, आणि खरं सांगते, मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला आळीच्या तोंडाशी भेटले. सायकल हातात, कॅरियरला वळकटी आणि एक पातेलं बांधलेलं. लंगडत सायकल ढकलत होते.

"कुठं निघालात?"

"वावरात. तिथल्या खोपडीत राहीन आता."

"पायाची ही अवस्था, आणि तिथं?"

ते थांबले. माझ्याशी बोलताना त्यांची नजर पहिल्यांदाच माझ्या पायांवर होती.

"मॅडम, मी उभा रायलो का ते बसते," ते म्हणाले. "अन् ते बसली का तिचा पाय जाते. मंग मी कायले घरी राहू?"

मी त्यांना कधी माफ केलं नाही. माफ करणारी मी कोण, हा भाग वेगळा. पण ती सायकल दिसेनाशी होईपर्यंत मी तिथं उभी होते, हेही खरं आहे.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. सामान आधी गेलं होतं, मी शेवटची निघाले, स्कुटीवर, तलावाच्या पाळीवरून. ऊन चढलं होतं. पाळीवरून पारबताबाई येत होत्या, हातात डबा, पायात तेच बूट, आणि बुटांत दहाही बोटं शाबूत. रोज दुपारचं जेवण झालं की त्या हा फेरा मारत. चाल तशी सावकाशच होती.

खाली वावरातल्या खोपडीच्या दाराशी सर उभे होते, उघडे, हातात विळा. त्यांना पाळीवर बायको दिसली. मी गाडी बंद केली. सरांनी विळा बाजूला टाकला, दुखऱ्या पायाला दोन्ही हातांनी धरून तो पुढे लांब केला, आणि ते जमिनीवर बसले. सासऱ्याच्या शेतात, उन्हात, मातीत, मांडी घालता येत नसतानाही तसेच, मान खाली घालून.

पारबताबाई खाली उतरल्या. डबा त्यांच्यापासून थोडा लांब बांधावर ठेवला. लगेच वळल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून त्यांनी वावर पाहिलं, तलावात पाणी किती उरलंय ते पाहिलं, एक काटकी उचलून बाजूला टाकली. मग पाळीवर चढून पलीकडच्या अंगानं गावाकडे निघाल्या. डबा बांधावर तसाच होता. पारबताबाई पाळीच्या टोकाशी पोचून आंब्यांमागे दिसेनाशा होईपर्यंत लांजेवार सर उठले नाहीत.